चुन्याचं बोट

।। जय सेवालाल ।।

गढी मोहल्ला, उमरखेड
२१ जुलै २०२४

ति. शीलाबाईस,
बादलचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून हसू नको. फोन करावा तर तुही सासू स्पीकर लावून मंधात बसते, अन् माह्या फोनचा रिचार्ज खोलीच्या डिपॉझिटात गेला. हरिसिंगमामा एसटीवर कंडक्टर आहे त्याचा आपल्याले एवढाच फायदा, तिकिटं फाडता फाडता आपल्या चिठ्ठ्याही पोचवते.

तर खोली भेटली! दोन खोल्या, वरच्या मजल्यावर, जुन्या गावात, गढीच्या अगदी पोटाशी. बानं सांगतलं होतं नं, की बादल्याचं बिऱ्हाड नीट असंन तरच आपली लहानी बबिता नर्सिंग शिकाले उमरखेडले जाईन, नाई तर दिवाळीनंतर थ्या दिग्रसकडच्या पियुषशी लग्न. आता बा काय म्हणते पाहू.

खोलीसाठी लय फिरलो. एका मालकानं विचारलं, बायको कुठं आहे. नाई म्हटलं, तर म्हणे मग खोली कायले पाहिजे. दुसऱ्यानं आपल्या तांड्याचं नाव ऐकलं अन् त्याले एकदम आठवलं की त्याचा भाचा राहाले येणार आहे. एका ठिकाणी छतावर गिरेबाज कबुतरं होती, हवेत काय कोलांट्या मारत होती सांगू, मी थेच पाहत बसलो अन् मालक निघून गेला. शेवटी सैफभाई, माहा गॅरेजचा उस्ताद, म्हणे आमच्या मोहल्ल्यातल्या हजराखालाच्या खोल्या रिकाम्या आहेत.

खालाचं खाली गाद्या-रजयांचं दुकान. एकटीच राहते, कापूस पिंजते, अंगावर सदा कापसाचा भुगा. तिनं मले ना जात विचारली ना तांडा. एवढंच विचारलं की झोप कशी आहे, गाढ का सावध. ट्रकवर क्लीनर होतो, हॉर्नच्या आधी उठतो, असं सांगतलं तर खूश झाली. मंग एक अट घातली. मागच्या भिंतीले खिळा ठोकायचा नाई, हात लावायचा नाई.

अन् बाई, तिथंच मले भेव लागून राह्यलं. मागची भिंत म्हणजे गढीकडची, जुनी, मातीदगडाची. तिच्यावर पांढरी बोटं ओढेल आहेत, चुन्याची, आडवी, कुठं दोन, कुठं तीन. कोनाड्याच्या वर तर अख्खी ओळ. खाला रोज सकाळी चहा घेऊन येते, भिंतीसमोर उभी राहते, थ्या बोटांवरून हात फिरवते, ओठ हलवते. कधी एखादं नवं बोट ओढते अन् माह्याकडं न पाहता निघून जाते. तू सांग, हे काय चांगलं लक्षण आहे? पांढरकवड्याच्या ढाब्यावर असताना कोणी तरी सांगेल होतं, जादूटोण्यानं घर बांधून ठेवाले असे निशाण करतात.

दाजींले राम राम. लोभ असाच ठेव, भेव मी एकटा सांभाळतो.

तुहा भाऊ,
बादल

---

बोरी अरबजवळचा तांडा
२७ जुलै २०२४

चि. बादल यास,
शीलाबाईचे अ. आ.

तुझं पत्र हरिसिंगमामानं खिडकीतून असं फेकलं की थेट आमच्या म्हशीपुढं पडलं. एक कोपरा तिनं चाखला, म्हणून दाजींना राम राम पोचला की नाही ते सांगता येत नाही.

अरे बाप्पा, हैदराबादपर्यंत रातोरात ट्रकवर गेलेला माणूस, अन् एका गादीवालीच्या बोटाला भिऊन राहिला! तिला सरळ विचार की खाला, हे काय आहे. तोंड नाही का तुला? एरवी तर तुझं तोंड बंद होत नाही. मी अंगणवाडीत लेकरांना हेच शिकवते, भीती वाटली की विचारायचं. तरीपण दंडाला काळा दोरा बांध. विचारायच्या आधी बांध.

आता कामाचं. बा राखीच्या दिवशी बबिताला घेऊन तुझ्याकडं येतो आहे. मनातून त्याची तयारी अजून झालेली नाही. पियुषच्या घरचे दोनदा येऊन गेले, पोरीची आई असून याडीनंच त्यांना पुरणपोळी खाऊ घातली म्हणजे समज. बबिता कोणाशी बोलत नाही. शेतात जाते अन् उभी राहते. मला म्हणाली, बाई, मी तिथं गेले नाही तर मग कुठंच जाणार नाही. मला तिच्या डोळ्यांकडं पाहवलं नाही.

म्हणून सगळं तुझ्यावर आहे. बा घरात शिरला की पहिले भिंत पाहतो, हे तुला माहीत आहे. माझं लग्न जमवताना यांच्या घरच्या भिंतीला पोपडे होते तर पाणीसुद्धा पिला नव्हता. तुझ्या खोलीला छान रंग दे. ते पांढरं-बिंढरं काही दिसायला नको. बानं जादूटोण्याचं नाव घेतलं की पोरगी परत गेली समज.

जेवत जा. प्रेम आहेच, पण अक्कलही थोडी वाढू दे.

तुझी बाई,
शीला

---

उमरखेड
१७ ऑगस्ट २०२४

ति. शीलाबाईस,
सा. न. वि. वि.

बाई, घोळ झाला. लय मोठा घोळ झाला. घाईत लिहून राह्यलो, अक्षर समजून घेजो.

खालाले विचारायची हिंमत झाली नाई. दोन वेळा पायऱ्या उतरलो, एकदा तिनं रजईचं कापड धराले लावलं अन् बोलणं राहून गेलं, एकदा दुकानासमोर वासुदेव आला तर त्याच्या मागं मागं बसस्टँडपर्यंत गेलतो. मंग काल खाला लग्नाले नांदेडकडं गेली, म्हणून म्या डिस्टेंपर आणला. आकाशी रंग. आधी भिंत झाडली, उघड्या भेगा लांबीच्या लगद्यानं बुजवल्या, थ्या बोटांवर दोन हात दिले. बाई, काय भिंत दिसून राह्यली होती! सैफभाईले दाखवाले बोलावणार होतो.

आज सकाळी खाला आली. दारातच तिच्या हातातून कप पडला. मंग खालीच बसली अन् ओढणी तोंडाले लावून रडाले लागली. म्या म्हटलं, आता ही शाप देते. तिनं सांगतलं थे शापाहून वाईट.

थे जादू-बिदू काही नव्हतं. मागं गढी आहे, मातीचा डोंगर. पावसाच्या पाण्यानं फुगते अन् घरावर रेटते. चुन्याचं बोट भेगेवर आडवं ओढून ठेवायचं. चुना सुकला की कडक होते. भिंत थोडी जरी हालली तर बोट मंधातून तडकते. म्हणजे निघायचं. या मोहल्ल्यात सगळेच असं करतात, खालाच्या सासूनंही केलं. ओठ हलवत होती थे मंत्र नव्हते, किती बोटं अखंड आहेत थे मोजत होती. अन् झोप सावध आहे का, हे काहून विचारलं थेही आता समजलं.

सैफभाई म्हणे, मले वाटलं तुले माहीत आहे, लहान पोट्ट्यालेही माहीत असते. म्या खालाले विचारलं की पहिलेच काहून नाई सांगतलं. म्हणे, मागचे भाडेकरू ऐकूनच पळाले, खोल्या वर्षभर रिकाम्या राहिल्या, तू पण पळाला असता.

खरं आहे. पळालो असतो.

आता कोणालेच माहीत नाई की भिंत कुठं आहे. माह्या रंगाखाली जुनी बोटं तडकली का साबूत आहेत, देव जाणे. खालानं नवा चुना लावून पाह्यला तर ओल्या डिस्टेंपरवर थो धरत नाई, ओघळून जाते. पाऊस थांबून नाई राह्यला. पत्र्यावर गढीवरून खडे पडतात, टक, टक. मी कान लावून बसतो. खाली खालाही कान लावून बसली असंन.

परवा बा अन् बबिता येतात. सांगू का नको? सांगतलं तर बा त्याच पावली तिले घेऊन जाईन अन् पियुषच्या घरी निरोप धाडंन. नाई सांगतलं तर माही बहीण या भिंतीखाली झोपंन. तूच सांग. लवकर सांग.

माया कमी करू नको, कितीही राग आला तरी.

बादल

---

तांडा
२० ऑगस्ट २०२४

चि. बादल यास,
अ. आ.

तुझं पत्र आत्ता मिळालं. बा अन् बबिता कालच गेले. मी अंगणवाडीतल्या मदतनीसबाईच्या फोनवरून किती वेळा लावला, तुझा बंदच सांगतो. रिचार्ज मार रे, हात जोडते.

मीच रंग दे म्हणाले होते. काल संध्याकाळपासून पाऊस सुरू आहे, इकडं एवढा तर तिकडं किती असेल. मला काही सुचत नाही, वरणात मीठ दोनदा टाकलं.

बाला सांग. पत्र हातात पडल्याबरोबर सांग. लग्न होऊन जाईल तर होऊन जाईल, पोरगी जिवंत तर राहील. मग पुढं मी भांडीन बाशी, तुझ्यापेक्षा बरी भांडते. बबिताला खालाच्या दुकानात झोपव, रस्त्याच्या बाजूला. तू पण वर झोपू नको.

सगळे धड आहात एवढी एक ओळ लिहून मामाजवळ दे. बाकी काही नको.

शीला

---

सैफभाईचं गॅरेज, उमरखेड
२४ ऑगस्ट २०२४

ति. शीलाबाईस,
सा. न. वि. वि.

सगळे धड आहोत. बा, बबिता, मी, खाला. ही ओळ पहिले लिहिली, आता श्वास घे.

तुहं पत्र परवा सकाळी मामानं दिलं तेव्हा सगळं होऊन चुकलं होतं. पयल्यापासून सांगतो.

बा आला, भिंत पाह्यली, खूश झाला. तिच्यावर असा तळहात ठेवून उभा राह्यला जसं बैलाच्या पाठीवर ठेवते. म्हणे, बादल्या, तू सुधरला रे. तेव्हा म्या सांगतलं नाई, बाई. दुसऱ्या दिवशी सांगीन म्हटलं. बबिताले हसताना किती दिवसांनी पाहत होतो. ती म्हणे, भिया, तांड्यावर पोरी तीजेचे गहू पेरून राह्यल्या, मी इथं पेरते. वारुळाची माती पाहिजे म्हणाली, तर मी गढीच्या पायथ्याचं वारूळ खोदून पाटीभर आणली. तिनं बांबूची दुरडी भरली, गहू पेरले, अन् उंदीर खाईन म्हणून मागच्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवली. दुरडी लहान, कोनाडा मोठा, दोन्हीकडून हात जाईन एवढी जागा होती. हे ध्यानात ठेव.

कॉलेजात नाव लागलं. बा परत निघणार होता, पण पुलावरून पाणी गेलं अन् गाड्या बंद पडल्या.

बुधवारी सकाळी बबिता तीजेले पाणी घालाले दुरडी काढून राह्यली, तर दुरडी निघेच ना. ती हसाले लागली. मले म्हणे, भिया, तू हिले चिकटवली का? म्या ओढून पाह्यली. दोन्हीकडून अशी गच्च धरेल, बांबू वाकून गेलेला. बबिताचं हसणं तिथंच थांबलं. तिनं कोनाड्याच्या कडेवरून बोट फिरवलं अन् म्हणाली की काल इथं माहा हात जात होता, आज बोट जात नाई. भिंत जवळ आली.

बाई, दुरडी तशीच सोडली. अन् तोंड सुटलं. म्या बाले तिथंच सगळं सांगून टाकलं, चुना, रंग, सगळं, अन् सांगता सांगता बबिताले ढकलत पायऱ्यांकडं नेलं. मले वाटलं बा मारंन. बानं मारलं नाई. भिंतीले कान लावला. मंग एवढंच म्हणाला की खालच्या बाईले बाहेर काढ.

खाला निघाले तयार नाई. पिंजायचं मशीन तिच्या नवऱ्यानं घेतेल होतं, थे सोडून जात नाई म्हणे. बानं वाद घातला नाई. धोतर खोचलं, एका बाजूनं बा, एका बाजूनं मी, मंग सैफभाई धावत आला, अन् मशीन रस्त्यावर आणलं. खाला आमच्या मागं मागं शिव्या देत आली, की नीट धरा रे गधेहो, पट्टा तुटंन. बबितानं डावी-उजवीकडची घरं वाजवून खाली केली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मले माहीतच नव्हतं.

आम्ही मशिदीच्या ओट्यावर ओले बसेल होतो. मोठा आवाज होईन असं वाटत होतं. तसं काही झालं नाई. पोतं सरकवल्यासारखी गढी नुसती बसली. घर होतं, मंग माती होती. मातीतून एक आकाशी कोपरा दिसत होता, माह्या रंगाचा.

मले राहून राहून वाटते की म्या वारूळ खोदलं म्हणून झालं. सैफभाई म्हणे, अख्खं गाव शंभर वर्षांपासून घर लिपाले हीच गढी खणून खणून खाऊन राह्यलं अन् हा शहाणा म्हणते माह्या पाटीनं पडली. हसलो, पण झोपलो नाई. इथं गॅरेजचा पत्रा वाजला तरी उठून उभा राहतो.

बा अजून माह्याशी बोलला नाई. बबिताचं काय करते, थे विचाराची हिंमत नाई.

एवढं ऐकूनही लोभ उरला असंन तर राहू दे.

बादल

---

उमरखेड, बसस्टँडमागं
८ सप्टेंबर २०२४

ति. शीलाबाईस,
सा. न. वि. वि.

बा तांड्यावर कधीचाच पोचला असंन, पण तो अर्धंच सांगंन, म्हणून लिहितो.

निघायच्या दिवशी सगळ्यांसमोर त्यानं खालाले विचारलं की भिंतीचं काहून नाई सांगतलं. खाला म्हणाली, हा पळून गेला असता. मंग माह्याकडं वळला अन् थेच विचारलं. म्या म्हटलं, तुम्ही बबिताले घेऊन गेले असते. बानं तंबाखू चोळला, थैली जवळ ओढली. मले वाटलं, आता थैली उचलते अन् पोरीले चाल म्हणते. बबिता दाराशी उभी होती, ओठ दाताखाली.

बा म्हणाला की हे दोघंही सारखेच, भेव लागलं की तोंड शिवतात. यायच्यापाशी डोळे असेल एक माणूस ठेवाच लागंन. अन् बबिताच्या हातात याडीनं दिलेली गोधडी ठेवून गाडीत चढला. पियुषच्या घरच्यांले काय सांगते थे आता तू पाह्य.

खोली मंग आम्ही तिघांनी शोधली. खालाले जन्मात पहिल्यांदा भाड्यानं राहायची पाळी. एका मालकानं तिले विचारलं, पोरगा बंजारा, पोरगी बंजारा, तुम्ही कोण यायच्या? खाला म्हणाली की मी यायची जुनी घरमालकीण, अन् तुम्हाले झोपेचं विचाराचं असंन तर तिघांचीही सावध आहे. त्यानं दार लावलं. दुसऱ्यानं दिली. समोर खालाचं मशीन, मंधात बबिता अन् खाला, मी गॅरेजमंधीच झोपतो, जेवाले येतो. बबिता पांढरा ड्रेस घालून कॉलेजात जाते. तीज मातीत गेली म्हणून दोन दिवस रुसली होती, आता खालाच्या जुन्या डब्यात गहू पेरले आहेत, तीजेचा महिना गेला तरी. कायले म्हटलं तर म्हणे, उगवाले महिना लागत नाई.

नवी खोली सिमेंटची आहे. मागं गढी नाई, डोंगर नाई, पंक्चरवाल्याचं मोकळं आवार आहे. भिंतीले केसाएवढीही भेग नाई. तरी पहिल्याच सकाळी खालानं वाटीत चुना कालवला अन् कोऱ्या भिंतीवर एक बोट आडवं ओढलं. भेग कुठं आहे म्हणून बबितानं विचारलं. खाला म्हणे, जेव्हा येईन तेव्हा इथून येऊ दे, म्हणजे दिसंन.

मालकानं पाह्यलं तर पुसाले लावंन. मी पुसणार नाई. आता जेवाले गेलो की ताटाच्या आधी भिंतीसमोर उभा राहतो अन् मलेही ओठ हलवाची सवय लागून राह्यली.

आज सकाळी पाह्यलं. अखंड आहे.

दाजींले राम राम, म्हशीले हे पत्र खाऊ देजो नको. तुही माया आहे तशी राहू दे, मी रोज पाहून घेत जाईन.

तुहा भाऊ,
बादल