बर्फी, जामुन आणि अकरा कलमांचा पिंजरा

आर. के. पुरम, नवी दिल्ली
१३ डिसेंबर १९९५

श्रीमान राजाभाऊ यांच्या सेवेशी,

आपला साडू दिनकर याचे सप्रेम, सादर आणि (कारण यथावकाश कळेलच) नेहमीपेक्षा चार अंगुळे अधिक लवून केलेले नमस्कार. नागपुरात थंडी सुखावह असेल, आपला उजवा गुडघा आपल्या आज्ञेत असेल आणि सुनंदाताईंचा रक्तदाब आपल्या रेडिओपेक्षा खालच्या पट्टीत असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही सर्व कुशल आहोत. 'सर्व' या शब्दाची व्याप्ती गेल्या सहा आठवड्यांत तीनवरून चौदावर गेली आहे, आणि तिचा खुलासा करणे हेच या पत्राचे प्रयोजन होय.

आपली भाची पूर्वी (अकरावीत आहे, उंची आईच्या, म्हणजे शुभदेच्या, वर गेली, मराठी मात्र अद्याप कमरेशी अडली आहे) हिला जीवशास्त्राच्या बाईंनी जानेवारीतील प्रदर्शनासाठी आनुवंशिकतेचा प्रयोग करावयास सांगितला. मातापित्यांचे गुण अपत्यांत कसे उतरतात, हा विषय. वर्गातील इतर सुबुद्ध बालकांनी कुंड्यांत मटार पेरले. आमच्या कन्येस वनस्पतींची गती फार संथ वाटली. मुनिरक्यात खोली घेऊन राहणारी क्षिप्रा नावाची धुळ्याची एक संशोधक मुलगी रविवारी आमच्याकडे घरच्या जेवणास येते. ती हौसेने पांढरे उंदीर पाळते. दिवाळीनंतर आमचा चिवड्याचा डबा परत करताना, डबा रिकामा देऊ नये या संस्कारास स्मरून, तिने सोबत बुटांचे एक खोके आणले. त्यात एक शुभ्र मादी आणि एक काळ्या डोक्याचा नर असे दोन मूषक विराजमान होते. पूर्वीने त्यांची नावे बर्फी आणि जामुन अशी ठेवली. मी 'धवला' आणि 'कृष्णशीर्ष' सुचवली होती; "बाबा, इतक्या वेळात तर ते पळून जातील ना," असे म्हणून ती फेटाळण्यात आली.

शुभदेचा विरोध तात्त्विक नव्हता, प्रादेशिक होता: उंदीर जगात असावेत, घरात नसावेत. शिवाय आमच्या वसाहतीची मनःस्थिती आपणास ठाऊकच आहे. गेल्या वर्षी प्लेगची हाकाटी उठली तेव्हा येथील प्रत्येक इसम नाकाला रुमाल बांधून हिंडत होता आणि महिनाभर कोणी कोणास ओळख दिली नाही (दिल्लीत हा फरक लक्षात येण्यास मला दोन आठवडे लागले). अशा लोकवस्तीत आपण मूषकसंवर्धन करतो हे फुटले, तर पूर्वीचा प्रयोग, बर्फी, जामुन आणि बहुधा आमचा सरकारी निवास, सर्वांवर एकसमयावच्छेदेकरून पाणी. म्हणून शुभदेने एकच अट घातली. उंदीर बंदिस्त राहिले तर राहिले; एक जरी मोकळा दिसला, तर सगळे बाहेर. पूर्वीने मान डोलावली. मीही डोलावली, कारण सव्वीस वर्षे केंद्र सरकारच्या खरेदी शाखेत काढलेल्या माणसास एक पिंजरा मिळवता येऊ नये, ही कल्पनाच मला हास्यास्पद वाटली.

प्रारंभी तात्पुरती सोय म्हणून मी त्यांना आंब्याच्या लाकडी पेटीत ठेवले. सकाळी पाहतो तो पेटीच्या कोपऱ्यास रुपयाएवढे वर्तुळ, आणि त्यातून जामुन आपले अर्धे अंग बाहेर काढून वृत्तपत्र वाचत असल्यासारखा बसलेला. काष्ठ हा पदार्थ मूषकांच्या लेखी आहारात मोडतो, हे ज्ञान त्या दिवशी झाले. मग शेजाऱ्यांची माशांची रिकामी काचपेटी आणली. काच कुरतडता येईना. परंतु आत वारा खेळेना, मूत्रगंध कोंडला आणि चौथ्या दिवशी दोघेही शिंकू लागले. (प्लेगच्या दुसऱ्याच वर्षी, सरकारी वसाहतीत, शिंकणारे उंदीर! मी खिडक्या लावून घेतल्या आणि रेडिओ मोठा केला.) क्षिप्रा येऊन म्हणाली, "काका, यांना हवा लागते. तारेचाच पिंजरा घ्या. आणि जरा लवकर घ्या, बर्फीचं पोट बघितलंत का?" मी पाहिले. प्रयोगाने वेग घेतला होता.

आता मात्र मी विषय शास्त्रशुद्ध पद्धतीने हाती घेतला. रीतसर समिती नेमली: अध्यक्ष मी, सदस्य-सचिव पूर्वी, वित्त सदस्य शुभदा (हिने पहिल्याच बैठकीत आपले भिन्न मत नोंदवून सभात्याग केला आणि कुकर लावला). मी अकरा कलमांचे विनिर्देशपत्र तयार केले. लांबी, रुंदी, उंची; दोन मजले, मध्ये अभेद्य तक्तपोशी, जेणेकरून प्रसूतिकाळी नर वरच्या मजल्यावर विरक्त राहील; गंज न धरणारी तार; तळाशी ओढून काढता येणारे ताट; कोठेही टोक वा धार नसावी; कडी दुहेरी, वर कुलूप; रंग सैनिकी हिरवा; एक वर्षाची हमी. राजाभाऊ, मी आजवर सरकारसाठी खुर्च्या, पंखे, जलशीतक आणि एकदा तर दोन उंटही खरेदी केले. पण इतके निर्दोष विनिर्देशपत्र माझ्या लेखणीतून उतरले नव्हते. कलम पहिले मात्र गोपनीयतेस्तव किंचित व्यापक ठेवले: 'प्रयोजन: लघु आकाराच्या पाळीव जीवाचा निवास.' कोणता जीव, हे मी लिहिले नाही. भिंतींना कान असतात, आणि आर. के. पुरमच्या भिंतींना तर प्रत्येक मजल्यावर बाल्कनी असते.

तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली. फरीदाबादच्या कारखानदाराने शंभरापेक्षा कमी पिंजरे करीत नसल्याचे कळवले. पक्ष्यांचे पिंजरे विकणाऱ्या एका गृहस्थाने सोबत पोपटही घ्यावा लागेल असे सांगितले. उरला मुनिरक्याचा इल्यास मिस्त्री, जो खिडक्यांचे गज आणि फाटके जोडतो. त्याने माझी अकरा कलमे ऐकून घेतली, कानामागची पेन्सिल काढली आणि एकच प्रश्न विचारला, "साहब, जानवर कौन सा है?"

मी म्हणालो, "आप विवरण के अनुसार बनाइए."

"वो तो बना दूँगा. पर तोता है, खरगोश है, क्या है? जाली उसी हिसाब से लगती है."

"लघु जीव है," मी म्हणालो.

इल्यासने माझ्याकडे, मग माझ्या कागदाकडे, मग आकाशाकडे पाहिले आणि म्हणाला, "ठीक है. जैसा आपका हुकुम."

आठव्या दिवशी पिंजरा सायकलरिक्षातून आला. सैनिकी हिरवा, दुमजली, कोषागारास शोभेल अशा कुलुपासह. तो तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवताना प्रत्येक दारात एकेक कुटुंब उभे राहिले. तळमजल्यावरील चड्ढा काकूंनी (वय ऐंशी, नजर अठरा) "शेर पाल रहे हो, बेटा?" अशी पृच्छा केली. बर्फी आणि जामुन यांनी गृहप्रवेश केला. तिसऱ्या दिवशी बर्फीने नऊ अपत्यांस जन्म दिला. सोललेल्या शेंगदाण्यांसारखी गुलाबी, डोळे मिटलेली, एकावर एक पडलेली ती नऊ बाळे पाहून पूर्वीने वही उघडली. मी केवळ पर्यवेक्षणासाठी रोज सकाळी कार्यालयास जाण्यापूर्वी अर्धा तास आणि परतल्यावर दीड तास तेथे बसत असे. पंधरवड्यात डोळे उघडले, लव आली: पाच काळ्या टोप्यांची, चार बर्फीच्या वळणाची. पैकी एक टोपीवाले माझ्याकडे विशिष्ट आस्थेने पाहते, असे मला वाटे. (शुभदेच्या मते ते माझ्या खिशातील शेंगदाण्यांकडे पाही. असो.)

आता गेल्या रविवारची कथा. आमच्या रहिवासी संघाचे सचिव बत्रा साहेब सकाळी दहा वाजता एक अर्ज घेऊन आले. अर्जाचा विषय: वसाहतीतील समस्त उंदरांच्या समूळ उच्चाटनासाठी घरोघर विष टाकले जावे. माझी स्वाक्षरी हवी होती. पिंजरा मागील खोलीत, दार बंद, अतएव मी निश्चिंत होतो. शुभदेने किटलीभर चहा आणला, किटलीवर चहा ऊन राखणारी कापडी टिकोझी. (हीच ती, सुनंदाताईंनी भरतकाम करून आमच्या लग्नात दिलेली. पुढे जे घडले त्याबद्दल त्यांची आगाऊ क्षमा मागतो.) बत्रा साहेब ऐनक काढून उपरण्याने पुसू लागले. त्या क्षणी शंकरपाळ्यांच्या बशीमागून एक टोपीवाले पिल्लू तिपाईवर अवतीर्ण झाले.

बंद दाराखालून ते कसे आले, पिंजऱ्यातून कसे सुटले, याचा विचार करण्यास मला अवकाश मिळाला नाही. शुभदेने मात्र, राजाभाऊ, ज्या शुभदेने सहा आठवडे उंदीर या शब्दालाही स्पर्श केला नव्हता, तिने निमिषार्धात किटलीवरची टिकोझी उचलून पिल्लावर ठेवली आणि पदर सावरून हसली. बत्रा साहेबांनी ऐनक चढवली.

"भाभीजी, चाय ठंडी हो जाएगी."

"होने दीजिए," शुभदा म्हणाली. "ज़्यादा गरम अच्छी नहीं होती."

तेवढ्यात टिकोझी निघाली. घाई न करता, एखाद्या मंत्र्याच्या मोटारीच्या संथ डौलाने ती तिपाईवरून साखरेच्या दिशेने सरकू लागली. मी डोळे मिटले.

"भाभीजी... ये चल रही है."

"हाँ जी," शुभदा म्हणाली. "चलती है. इम्पोर्टेड है."

मी डोळे उघडले. बत्रा साहेबांच्या मुद्रेवर भीती नव्हती. गेली चार वर्षे बाजारपेठा खुल्या झाल्यापासून या नगरीतील प्रत्येक सद्गृहस्थाच्या मुखावर जी विलसते, ती श्रद्धा होती. "वाह जी! सेल से?"

"दो सेल लगते हैं."

"अब तो सब कुछ आने लगा है," ते म्हणाले. टिकोझी साखरेपाशी जाऊन थांबली. "लो जी, चीनी के पास रुक भी गई! एक हमारी मिसेज़ के लिए भी मँगवा दीजिए."

नंतर मी त्यांच्या अर्जावर स्वाक्षरी केली. टोपीवाल्या बालकापासून एका वितीच्या अंतरावर, त्याच्याच कुलाच्या उच्चाटनासाठी. माझ्या सेवाकाळातील हा सर्वांत लाजिरवाणा शेरा होय.

बत्रा साहेब गेल्यावर शिरगणती झाली. पिंजऱ्यात दोन प्रौढ, बालके शून्य. सात तास शोधमोहीम चालली. दोन रजईत, तीन रद्दीत, एक पूर्वीच्या मोज्यात, एक मिक्सरच्या खोक्यात, एक टिकोझीखाली आणि शेवटचे माझ्याच कोटाच्या खिशात, शेंगदाणे संपवून झोपलेले. कारण सूर्यप्रकाशाइतके स्पष्ट होते. माझ्या अकरा कलमांत रंग होता, कुलूप होते, हमी होती. दोन तारांत अंतर किती असावे, हे नव्हते. इल्यासने पोपट समजून पाऊण इंच ठेवले होते. त्यात बर्फी आणि जामुन अडत होते, त्यांची पुढील पिढी मात्र दिमाखात चालत बाहेर येत होती.

दुसऱ्या दिवशी मी इल्यासकडे जाऊन सत्य निवेदन केले. तो पाच मिनिटे हसला, मग खिळ्यांचा डबा बाजूला सारून मला बसावयास स्टूल दिले. "अरे साहब, चूहा बोल देते! बारीक जाली लगा देता. चूहे से तो मैं रोज़ अपना आटा बचाता हूँ, मुझसे ज़्यादा कौन जानेगा?" त्याने घरी येऊन, कोटाखाली जाळी दडवून आणून, सर्व बाजूंनी ती बसवली. आता त्या पिंजऱ्यातून मुंगीसही परवानगी काढावी लागेल. परंतु शुभदेचा निवाडा रविवारीच झाला होता: चोवीस तारखेनंतर या घरात एकही शेपूट दिसता कामा नये. पूर्वी रडली. मी रडलो नाही, सर्दी आहे.

पत्र लांबले, क्षमस्व. सुनंदाताईंना आमचे नमस्कार. गुडघ्यास निर्गुंडीचा शेक देत जावा.

आपला,
दिनकर

ता. क. १: सहज स्मरले. बदली होण्यापूर्वी आपण फरीदाबादच्या नव्या संकुलात घेतलेली सदनिका वर्षभर रिकामी आहे आणि किल्ली माझ्यापाशी आहे. परवा मी ती (केवळ हवा खेळावी म्हणून) उघडून पाहिली. जमीन सिमेंटची, लाकूड नावालाही नाही, खिडक्यांना डासांची बारीक जाळी, शेजारी अद्याप कोणी नाही. पाण्याची जोडणी न झाल्याने मनुष्यवस्तीस ती प्रतिकूल आहे, परंतु अन्य प्रकारच्या कुटुंबास इतकी सुरक्षित आणि सोयीस्कर वास्तू संपूर्ण राजधानी परिसरात मिळणार नाही. मुले-मुली पाचव्या आठवड्यात वेगळ्या खोल्यांत ठेवावी लागतात. आपल्याकडे खोल्या दोन आहेत. विधीचा संकेत याहून स्पष्ट काय असावा?

ता. क. २: आपण भाडेकरूच्या शोधात आहात हे जाणतो. आपल्या अटी मी पडताळून पाहिल्या. शाकाहारी, निर्व्यसनी, मोठ्याने गाणी न लावणारे: तिन्ही बाबतींत मी लेखी हमी देण्यास सिद्ध आहे. चोवीसच्या आत अनुमतीची तार केल्यास उपकृत होईन.

ता. क. ३: (अक्षर वेगळे आहे, मी शुभदा. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं.) राजाभाऊ, तार करू नका. पूर्वीच्या शाळेची प्रयोगशाळा सगळे उंदीर घ्यायला केव्हाच तयार आहे. हे स्वतः जाऊन जागा बघून आले आणि 'वायुवीजन असमाधानकारक' असं लिहून देऊन परत आले. फरीदाबादला ठेवले तर हे रोज संध्याकाळी बसने तिथे जाऊन बसतील, आणि माझं जेवण कोण जेवणार? रविवारी मी रागात बोलले. इथे आता पहाटे धुकं असतं, एवढ्याशा जिवांना डिसेंबरात कोण बाहेर काढतं? पिंजऱ्याखाली मी कालच जुनी घोंगडी घातली आहे. पण हे त्यांना एवढ्यात कळवू नका. निवाडा झाल्यापासून हे न सांगता दूध आणतात, भाजी निवडतात, आणि काल तर स्वतःहून गिझर दुरुस्त करून घेतला. चोवीस तारखेपर्यंत तरी चालू द्या.