शिडांच्या कप्प्यातली सासू

२ ऑगस्ट, लाव्रिओ

सकाळी निघायचं होतं. दुपारी निघालो, कारण कप्तानाची टोपी सापडत नव्हती. कप्तान म्हणजे माझा थोरला दीर थ्रासोस. वर्षभर अथेन्समध्ये लोकांचे दात उपटतो, उन्हाळ्यात शीड उभारतो. दोन्हीकडे किंचाळायचं काम दुसऱ्यांचं.

बोटीचं नाव ‘कालिरोई’ — सासूबाईंचं. जिचा बाप समुद्राने गिळला, जी सतराव्या वर्षी आमोर्गोस बेट सोडून आली ती परतीच्या बोटीच्या धास्तीने पुन्हा कधी माहेरी गेली नाही, तिचं नाव बोटीला! आणि आता ती स्वतःही बोटीवर आहे. पत्र्याच्या पेटीत, शिडांच्या कप्प्यात, वंगणाच्या डब्याला टेकून.

मरताना तिने एकच मागितलं. हाडं निघाली की आमोर्गोसला न्या, डोंगरातल्या गावात, माझ्या आईच्या शेजारी. तिथे लाटांचा आवाज येत नाही. आणि पनागियाच्या, म्हणजे मरियममातेच्या, सणाला, पंधरा ऑगस्टला, मी तिथे असले पाहिजे.

आमच्याकडे काही वर्षांनी कबर उघडून हाडं पेटीत ठेवतात; या वसंतात तिची उघडली. हाडं वाइनने धुतली कुणी? मी. दोन्ही मुलगे कबरस्तानाच्या फाटकाशी सिगारेट ओढत उभे. “आम्हाला बघवत नाही गं,” माझा नवरा सोतिरिस म्हणाला. सुनेला बघवतं.

४ ऑगस्ट, केआ

जाऊबाई — दानाई — फोनचा कॅमेरा समोर धरून सद्गदित झाल्या: “आम्ही आईंना घरी नेतोय.” तीनदा सद्गदित झाल्या. पहिल्या दोन वेळी केस तोंडावर आले होते.

बोटीचा संडास हाताने पंप मारून चालतो. आपण जे टाकतो ते काही वेळाने पोहायच्या शिडीपाशी आपली वाट बघत असतं. थ्रासोस म्हणतो, हीच खरी निसर्गाची जवळीक.

६ ऑगस्ट, किथ्नोस

सणापर्यंत सासूबाईंचा कडक उपास असे. मांस नाही, लोणी नाही; आज मधला सण, म्हणून फक्त माशाची सूट. आणि आज तिच्या थोरल्या चिरंजिवांनी डेकवर शेगडी मांडून डुकराचे काप भाजले. कप्प्याच्या झाकणावर! चरबी फटीतून खाली गळत होती. मी जागेवरून उठले, ताट समुद्रात रिकामं केलं. “इस्मिनीला पुन्हा लागली बोट,” थ्रासोस म्हणाला. सगळे हसले. सोतिरिसही, उशिरा.

मी तिची लाडकी नव्हते हे लिहून ठेवते, उगाच कुणाला वाटायला नको. माझ्या भरल्या टोमॅटोंचा पहिला घास घेऊन ती दर वेळी एकच शब्द बोलायची: “मीठ.” जास्त की कमी, ते कधी सांगितलं नाही.

८ ऑगस्ट, पारोस

मुक्काम. थ्रासोसच्या ओळखीचे लोक आले, बसले, प्यायले. कुणीतरी पेटीवर पाय ठेवून बसलं — पेटी आता बाहेर असते, कप्प्यात मोटरचा सुटा भाग ठेवायचा होता ना. मी म्हटलं, ती माझी सासू आहे. त्या गृहस्थाला हा विनोद फार आवडला.

वर्तमानपत्रातल्या माझ्या सदरात इतकं लिहिलं तर संपादक म्हणेल, बाई, अतिशयोक्ती होतेय.

१० ऑगस्ट, नाक्सोस

मेल्तेमी सुटला. उत्तरेचा हा वारा ऑगस्टात येणारच, पण कप्तानाला धक्का बसला. दोर शिट्ट्या मारतायत, बोट बोटीवर आपटतेय.

शेजारी एक म्हातारा कोळी नांगरून होता. दानाईने पेटीचं चित्रण करताना त्याला आनंदाने सांगितलं, आत काय आहे ते. त्याने छातीवर क्रूस काढला, तीनदा थुंकला, दोर सोडले आणि त्या वाऱ्यात नाव धक्क्याच्या पार पलीकडे नेऊन बांधली. जाताना म्हणाला, “हाडं पाण्यावर असली की वारा पडत नाही, डॉक्टर. तिला जमिनीवर टेकवा, मग बघा.”

थ्रासोस खो खो हसला. मग संध्याकाळभर वाऱ्याकडे बघत बसला. हा माणूस दवाखान्यात खुर्चीला नजर लागू नये म्हणून निळा मणी बांधतो, मला माहीत आहे.

११ ऑगस्ट

वारा तसाच.

थ्रासोसने निर्णय सांगितला. आमोर्गोस या हवेत होणार नाही. आईला इथेच, किनाऱ्याच्या आडोशाला जाऊन, समुद्रात सोडायचं. म्हणजे पेटी उघडायची आणि — “हळुवारपणे.” चौदा तारखेला, सूर्यास्ताला. सूर्यास्त दानाईचा, तिच्या चित्रणासाठी.

“फेरीबोट रोज जातेय,” मी म्हटलं. “तिकीट काढायचं आणि बसायचं.”

“फेरीने? आईला? बकऱ्या आणि पिशव्यांमध्ये?” त्याला खरंच वाईट वाटलं. “आई समुद्राची लेक होती, इस्मिनी.”

“समुद्राने तिच्या बापाला खाल्लं.”

“तेच तर. भेट होईल.”

मी सोतिरिसकडे पाहिलं. तो दोराची गाठ सोडवत होता. गाठ नव्हतीच.

“बघू,” तो म्हणाला.

१२ ऑगस्ट

सोतिरिसला एकटा गाठला, धक्क्यावर.

— तुला पटतंय का?

— थ्रासोस मोठा आहे.

— आणि तू?

— मी धाकटा.

केस पांढरे झालेत. धाकटा!

किळस यायला लागली की मला लिहायला सुचतं. आज सुचत नाही. थ्रासोसची येत नाही एवढी याची येतेय, कारण याला कळतंय. आमोर्गोसला सासूबाईंची बहीण, मारूसो मावशी, प्रसादाचे गहू निवडत बसली असेल. बेत बदलल्याचं तिला कुणी कळवलंसुद्धा नाही.

१३ ऑगस्ट, फेरीत

ते तिघं धक्क्यावर कॉफी घेत होते. मी पेटी पोहायच्या टॉवेलात गुंडाळली आणि त्यांच्या टेबलाशेजारून गेले. “पोहायला?” दानाई म्हणाली. “या वाऱ्यात?” मी हो म्हटलं.

छोटी फेरी. बकऱ्या नव्हत्या, पिशव्या होत्या. दोनदा ओकले, दुसऱ्यांदा समोरच्या बाईच्या चीजच्या टोपलीपाशी. तिने लिंबू दिलं आणि विचारलं, पेटी खाली का ठेवत नाही? मी म्हटलं, सासूबाई आहेत. ती हसली नाही. सरकून जागा केली.

सोतिरिसचा फोन आला. मागे थ्रासोस ओरडत होता — चोरी, आमची आई, तुझी बायको.

“इस्मिनी, पेटी कुठाय?”

“माझ्या मांडीवर.”

थ्रासोसचा आवाज लांब गेला; सोतिरिस चालत बाजूला झाला असावा.

“तिला खिडकीपाशी बसवू नकोस,” तो म्हणाला. “ती घाबरते.”

मी जागा बदलली.

१४ ऑगस्ट, आमोर्गोस

मारूसो मावशी काठीएवढी बारीक, दारातच उभी होती. मुलगे कुठे आहेत, हे तिने विचारलं नाही. पेटी हातात घेतली, झाकणाला नाक लावलं.

“हिला कशाचा वास येतोय?”

“डुकराच्या चरबीचा,” मी म्हटलं. “आणि वंगणाचा.”

“उपासात,” मावशी म्हणाली, आणि वाइनची बाटली काढली. आम्ही दोघींनी पुन्हा धुतलं, अंगणात, बोलत बोलत. सासूबाई लहानपणी किती भांडकुदळ होती, ते ऐकलं. पाद्री आले, वाचून गेले. गव्हाच्या प्रसादावर मावशीने साखरेने तिचं नाव काढलं.

दुपारी वारा पडला. एकदम! कोळी आता गावभर सांगत सुटेल. थ्रासोसला माझ्यावर आणखी एक राग.

१५ ऑगस्ट

सणाची प्रार्थना झाल्यावर मावशी मला अस्थिघरात घेऊन गेली. सासूबाईंच्या आईची पेटी, शेजारी मोकळी जागा. ठेवलं तिला.

पलीकडे आणखी एक पेटी होती, रिकामी, निळा रंग जरा उडालेला. तिच्यावर माझं नाव.

“आजारी पडली तेव्हाच फोनवरून करवून घेतली,” मावशी म्हणाली. “म्हणाली, मुलगे आणणार नाहीत. इस्मिनी आणील, सगळ्यांना शिव्या देत. तिला माझ्या बाजूला ठेव.”

मुलांच्या पेट्या? नाहीत.

मी झाकण उघडून पाहिलं. मग तिथेच बसले. लाटांचा आवाज खरंच येत नाही.