वेंगुर्ल्याला जाताना घ्यायची काळजी

१ एप्रिल १९७९, रविवार

आज माझा 'उन्हाळी सहल : काही सूचना' हा लेख छापून आला. गावातल्याच साप्ताहिकात, पान दुसरं. खाली 'रघुवीर, भूगोल शिक्षक, बेळगाव'. आडनाव गाळलंय. 'प्रवासात मन प्रसन्न ठेवावे' याऐवजी 'प्रवासात मान प्रसन्न ठेवावी' असं छापलंय. संपादक देवाप्पा म्हणाले, अर्थ पोचतो. किळस आली. पण लेख वजनदार आहे.

शेजारचे मारुतीराव वाचून आले. त्यांचे बेळगावच्या शहापूर भागात आमच्या भिंतीला लागून माग आहेत. दिवसभर खटखट. म्हणाले, "सर, लई भारी लिवलायसा. कुठं कुठं फिरून आलायसा?" मी सांगितलं, प्रवास आधी नकाशावर होतो. "व्हय व्हय," म्हणाले आणि गेले. सामान्य माणूस.

पत्नी विद्युल्लतेनंही वाचला. एकच प्रश्न. आपण कधी जायचं? तिला समुद्र बघायचाय. मी सांगितलं, पृथ्वीचा बहुतेक भाग समुद्रच आहे. तिनं भांडी जरा जोरात ठेवली.

८ एप्रिल

शाळेला सुट्टी. संकल्प : या सुट्टीत सहकुटुंब प्रवास. माघार नाही.

शहरांचा विचार केला. बंगलोर : हवा उत्तम, पण लॉजच्या उशा. हजार डोक्यांचं तेल. मैसूर : बागेत कारंजी बघायची आणि पायाखाली शेंगांची टरफलं. मुंबई : चुलतभावाकडे उतरावं लागेल. त्याच्या न्हाणीत बुरशी आहे असं त्याच्या बायकोनंच मागे सांगितलं होतं, वर हसून. पुणे : तिथं सूचना मला ऐकाव्या लागतील.

चारही शहरं रद्द. निर्णय झटपट घेता येणं हा प्रवाशाचा पहिला गुण.

१२ एप्रिल

विद्युल्लता पुन्हा समुद्राच्या विषयावर आली. तिचं माहेर निपाणी. वडील तंबाखूच्या वखारीत. त्यांनी पोरींना घाटाखाली कधी नेलं नाही. तिचं म्हणणं, मी तिला बघायला गेलो तेव्हा समुद्र दाखवतो म्हणालो होतो. मला आठवतं ते असं : मी भरती-ओहोटीविषयी माहिती दिली होती. ती त्या वेळी मान खाली घालून बसली होती. समजून घेण्यात गल्लत झाली असावी.

तोडगा काढला. थेट समुद्र नको. आधी तालीम. पन्हाळा. सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

१८ एप्रिल

तालीम झाली.

बसच्या खिडकीवर तेलाचे डाग. शेजारच्यानं बिडी पेटवली आणि धूर माझ्याकडे सोडला, जणू मी चिमणी. मागे कुणाच्या तरी टोपलीत सुकट. संकेश्वरपर्यंत नाकाला रुमाल. निपाणीनंतर दोन रुमाल.

कोगनोळीच्या नाक्यावर ट्रकांची रांग, बस थांबली. सीमेचं निरीक्षण करावं म्हणून खाली उतरलो. लिंबाच्या झाडाखाली बसून, डोकं गुडघ्यांवर ठेवून बराच वेळ निरीक्षण केलं. विद्युल्लता आली, म्हणाली बस सुटतेय. मी म्हणालो, पन्हाळा हा शेवटी किल्लाच. दगड. निपाणी मागे राहिलंय, सासरे थकलेत, त्यांना भेटणं हे कर्तव्य.

सासूबाईंनी कोकम सरबत दिलं. ग्लासाला कडेनं बोटांचे ठसे. प्यालो. परतीच्या बसमध्ये डोळे मिटून चिंतन. विद्युल्लता बेळगावपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. थकली असावी.

१९ एप्रिल

'सीमेवरचा एक दिवस' हा लेख देवाप्पांना दिला. पित्ताचा उल्लेख टाळला. वाचकांचा उत्साह मावळतो.

२५ एप्रिल

मारुतीराव आणि त्यांची आई तानीबाई वेंगुर्ल्याला जाताहेत. नात्यातलं कुणी तिथं बंदराजवळ राहतं. तयारी काय? एक गाठोडं आणि भाकरी. नकाशा नाही. मुक्कामाची चौकशी नाही. पाण्याची चौकशी नाही. याला प्रवास म्हणायचं असेल तर मेंढरंही प्रवास करतात.

तानीबाई आमच्या दारात उभं राहून विद्युल्लतेला म्हणाल्या, "चल की गं पोरी. मास्तरास्नी बी घे. यष्टी थेट जातीया."

मी नम्रपणे नकार द्यायला घसा साफ केला. तेवढ्यात आतून आवाज आला, "येते मी, तानीमावशी."

मला न विचारता. अशा वेळी बायकांना एकटं सोडणं योग्य नव्हे. नेतृत्व माझ्याकडे घेतलं.

२ मे

जय्यत तयारी. स्वतःच्या चादरी. स्वतःचा ग्लास. मच्छरदाणी. पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. अमृतधारा, कापूर, सुंठ. घाटाचा नकाशा स्वतः काढला, उतार तपकिरी रंगात. खडेबाजारातून पांढरी कॅनव्हासची टोपी आणली. आरशात बघितलं. वनखात्यातला बडा अधिकारी वाटतो.

विद्युल्लतेच्या पिशवीत लुगडी आणि टॉवेल. बाकी काय घेतलंस विचारलं, तर म्हणाली, "पाण्यात शिरायचं आणि बाहेर यायचं. त्याला काय लागतंय?"

तयारी नसलेली माणसं नंतर तयारी असलेल्यांकडे मागतात.

६ मे, रविवार. सकाळी, बस स्टँडवर

माझं सगळं सामान टपावर. सर्वांना सूचना दिल्या : पुढे बसा, दूर बघा, बोलू नका. मारुतीराव सगळ्यात मागे बसले आणि बोलायला लागले.

त्याच दिवशी. शिनोळी सोडल्यावर

प्रकृती उत्तम. पुढच्या बाकावरचं मूल ओकलं. आई त्याचं तोंड पदरानं पुसतेय आणि त्याच हातानं त्याला केळं देतेय. ही आपली जनता. यांना सूचना कोण देणार.

त्याच दिवशी. आंबोली, दुपार

अक्षर नीट येत नाही. जागा : चहाच्या हॉटेलाबाहेरचं बाकडं.

वळणं सुरू झाली तेव्हा मी दूर बघत होतो. दूर म्हणजे जिथं बघावं तिथं डोंगर हलत होता. खिशातला कापूर हुंगला. अमृतधारा सगळी टपावर. ओरडून गाडी थांबवायला तोंड उघडलं आणि नको ते झालं. टोपीत. नव्या टोपीत. ते मूल वळून माझ्याकडे टक लावून बघत होतं. केळं खात.

तानीबाईंनी स्वतःच्या कनवटीचं लिंबू काढून, नखानं साल काढून माझ्या नाकाला लावलं. "व्हतंय मास्तर, व्हतंय. लाजायचं काय त्यात." सबंध बसला ऐकू गेलं. टोपी मारुतीरावांनी मागून येऊन खिडकीतून दरीत टाकली. मला विचारलंही नाही.

आंबोलीला बस थांबली. कंडक्टरला म्हणालो, घाट संपला, आता बरं वाटेल. तो म्हणाला, "घाट? घाट तर फुडं हाय, साहेब. ही नुसती सुरवात."

मी उतरलो. विद्युल्लता मागोमाग उतरली, हातात पिशवी. मी तिला समजावून सांगितलं की उन्हाळ्यात थंड हवेचं ठिकाणच योग्य. इथंच मुक्काम करू. इथून समुद्राची दिशाही दाखवता येईल.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. रागावली असती तर मी बोललो असतो. कंडक्टरनं घंटी मारली.

"तुम्ही बसा इथं सावलीत," ती म्हणाली. "मी बघून येते."

"एकटी?"

"तानीमावशी आहेत की."

आणि चढली. बस वळणाआड गेली. मागच्या खिडकीतून हात हलताना दिसला. तो मला होता की डोंगराला, कळलं नाही.

माझं सामान टपावरच राहिलं.

७ मे, आंबोली

हॉटेलवाल्या भरमूच्या घरी खोली. चादर कुणाची, कधी धुतलेली, विचारायची हिंमत झाली नाही. उशीवर खड्डा तयारच होता, आधीच्या माणसाच्या डोक्याचा. माझं डोकं त्यात बरोबर बसलं. शिसारी आली. झोपही आली.

पाणी सगळे एकाच तांब्यानं पितात. मीही प्यालो. पोटाला काहीच झालं नाही. हे जास्त संशयास्पद.

८ मे, आंबोली

कड्यापाशी गेलो. खाली नुसतं धुकं. भरमू म्हणाला, हवा साफ असली की समुद्र दिसतो. बराच वेळ उभा राहिलो. तिकडचं अन्न कसलं असेल, तानीबाई तिला काय काय खायला घालत असतील, पाण्यात किती आत गेली असेल. पाण्यात किती आत जावं याविषयी मी लेखात काही लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं.

९ मे

वेंगुर्ल्याकडून येणारी प्रत्येक बस बघितली. अभ्यास म्हणून. भरमू म्हणाला, "बायको रुसून गेलीया व्हय?" मी म्हणालो, ती पाहणीसाठी पुढे गेली आहे.

१० मे

आले. तिघंही खिदळत. मारुतीरावांनी माझी मच्छरदाणी मासे गुंडाळायला वापरलीय. चादरी वाळूनं भरलेल्या.

विद्युल्लता काळी पडलीय. केस चिकटलेले. अंगाला खारा वास, माशांचा वास. परतीच्या बसमध्ये मी पुढच्या बाकावर डोळे मिटून, ती शेजारी. थोड्या वेळानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपून गेली. किळस यायला हवी होती. आली नाही. अशक्तपणा असावा.

१३ मे

देवाप्पांना 'वेंगुर्ल्याचा सागरकिनारा' हवाय, शुक्रवारपर्यंत. शब्द दिला. विद्युल्लतेकडून माहिती घ्यायला बसलो. लाटांची दिशा? भरतीची वेळ? किनाऱ्याचा प्रकार?

ती म्हणाली, "उभं राहिलं की पाणी पायाखालची वाळू ओढून नेतंय. पडतोय की काय असं वाटतं, पण पडत नाही."

कुठल्या दिशेला ओढतं, विचारलं.

"मी हसत हुते हो. दिशा कोण बघतंय तवा?"

लेखात घेण्यासारखं काही नाही. पानभर लिहिलं, फाडलं. खाऱ्या वाऱ्यांवर लिहिलं, तेही फाडलं. तिचं वाळूचं वाक्य तेवढं राहिलंय. ते माझं म्हणून घालता येत नाही. देवाप्पांना कळवलं, प्रकृती ठीक नाही.

२० मे, रविवार

घरात गल्लीतल्या बायका जमल्या. दिवाळीत गोकर्णाला जायचं ठरतंय. कुठं उतरायचं, काय न्यायचं, विचारायला आल्यात असं कळल्यावर इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. नकाशाही काढून ठेवला.

कुणी बघितलं नाही. सगळ्या विद्युल्लतेभोवती. गाठोड्यात काय घ्यायचं, ओल्या लुगड्यांचं काय करायचं, लाट आली की पाठ करायची की तोंड. ती हातवारे करून सांगत होती. इतकं बोलते हे माहीत नव्हतं. एकीनं "सर, जरा सरकताय का" म्हणून माझ्या खुर्चीवर बूड टेकलं.

मग तानीबाईंना मी आठवलो. "मास्तर, तुमी येणार न्हवं?"

मी घसा साफ केला. बोलायच्या आधी विद्युल्लताच म्हणाली, "त्यांना प्रवास सोसत नाही. कधीच सोसला नाही. घरी राहतील ते."

साधेपणानं म्हणाली. स्वयंपाकात मीठ किती, हे सांगावं तसं. सगळ्यांनी मान हलवली. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं, माझ्याकडे तयार होतं.

मग मला म्हणाली, "अहो, चहा टाकता का सगळ्यांना?"

टाकला. साखर कमी पडली म्हणाल्या.