वीतभर पट्टी

१३ ऑक्टोबर

नाही करायचा मला आता तो पिवळा झगमगाट! दिंद्रुडमधले निम्मे फ्लेक्स माझ्याच हातचे. नेत्याचा चेहरा टरबुजाएवढा, शुभेच्छुकांचे बोराएवढे. वीट आला.

मी नियम केलाय. फ्लेक्सवर चेहरे नाहीतच, एका माणसाला रंगाची एक पट्टी. सगळ्या वीतभर रुंद. जो ज्या क्रमानं येईल त्याच क्रमानं त्याची पट्टी, आणि अंगावर त्या दिवशी सगळ्यात वर जे असेल त्याचा रंग. शेजारचे रंग भांडले तर भांडू देत! मी मध्ये हात घालायचा नाही.

दुकानमालक त्रिंबकशेठ हसले. "गोधडी म्हणून इक."

१५ ऑक्टोबर

गिऱ्हाईक मिळालं! रामकिसन मुकादम. टोळी ऊसतोडीला निघायचीय, ट्रकला फ्लेक्स पाहिजे. "फोटो कुणाचाच नको. एकाचा टाकला की दुसरा रुसतोय." माझा नियम सांगितला. "भांडण लागत न्हाई ना? मग झालं."

१८ ऑक्टोबर

वस्तीवर जाऊन रंग टिपले. बाया नवी लुगडी नेसायला पळाल्या. नाही म्हणजे नाही, आहे तोच रंग! लई हसल्या.

छबुबाई सगळ्यात शेवटी आली, म्हणून तिची पट्टी कडेला. लुगड्यावर मेलेल्या नवऱ्याचा शर्ट. तोडीला सगळ्याच बाया शर्ट घालतात. विटका जांभळा! असा रंग मी जन्मात निवडला नसता. म्हणून तर नियम पाहिजे.

मुकादम म्हणाला, "हिची पट्टी अर्धी कर."

कावून?

"तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. ही एकटी. अर्धा कोयता."

अहो, जोडीला दोन पट्ट्या आहेत, मग अर्ध्या कोयत्याला एक होतेच की! "अर्धा म्हंजे अर्धा," म्हणे. डोकं आहे का खोकं!

छबुबाई एवढंच बोलली, "मोळी अर्धी उचलते का मी?"

२४ ऑक्टोबर

मुकादमानं शेठचे कान भरले. शेठ मला म्हणाले, "उज्ज्वला, गिऱ्हाईक म्हणंल तसं करायचं." शेठनी स्वतः माऊस धरून पट्टी बारीक केली. ते चहाला गेले, मी परत वीतभर केली आणि छापून मोकळी झाले.

"उद्यापासून येऊ नको!"

नाही येत! आता भीती वाटतेय. पण पस्तावा नाही.

२५ ऑक्टोबर

आई म्हणते, "पट्टीपायी नोकरी घालवलीस?" हो. पट्टीपायीच.

२९ ऑक्टोबर

टोळी निघाली. बघायला गेलते. मुकादमानं कडेची पट्टी कात्रीनं उभी कापलेली! आणि कापल्या जागी विटकं जांभळं कापड, मोठ्या टाक्यांनी शिवलेलं. वीत लावून बघितली. पुरी भरली.

छबुबाई ट्रकवर बसली होती. तिच्या शर्टाला एकच बाही होती.