आमच्यात मालक कोणीच नव्हता

डोंगरकडा

प्रिय भीमराज,

जय भीम. फोनवर मी विषय काढला की तू 'आवाज येऊन नाही राहिला' म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहितोय. पत्र कोमलच्या हाती दिलं तर ती फाडून टाकेल. माय उद्या बाळापूरच्या बाजाराला येणार आहे, तीच आणून देईल.

तब्येतीचं म्हणशील तर कंबरेखाली काही नाही. आता येणारही नाही, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. माय रोज पायांना तेल चोळते आणि विचारते, "बरं वाटून राहिलं का रे?" मला तिचा हात लागलेलाही कळत नाही, पण मी 'व्हय' म्हणतो. कोमल लोकांच्या हळदीवर मजुरीला जाते. आमच्या प्रतिक्षाला बारावीनंतर नर्सिंगला जायचं होतं. पोरगी आता तो विषयच काढत नाही, आणि मलाही काढवत नाही.

शिरड शहापूरचा तो दिवस पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येतो. उकंडरावांच्या बोअरमधली जळालेली मोटार आपण वर ओढत होतो. आदल्या दिवशी अवकाळी पाणी पडलं होतं, जमीन भुसभुशीत होती. लोखंडी तिपाईचा एक पाय खचला आणि पाइपांसकट सगळं माझ्या पाठीवर आलं. तू साखळी सोडली नाहीस म्हणून मी जिवंत आहे. तुझे तळहात सोलून निघाले होते. दवाखान्यात तू ते माझ्यापासून लपवत होतास, पण मी पाहिले. उकंडराव भला माणूस, स्वतःच्या जीपमधून घेऊन गेले. पण भरपाईचं निघालं तेव्हा म्हणाले, "तुमी काय माझे गडी न्हाई, बाबा. काम ठरवून आले होते." त्यांचंही खोटं नाही. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. आपण कोणाचेच गडी नव्हतो.

विमावाल्या पुनमचंदनं तर आपल्याला आधीच सांगितलं होतं. कामगारांच्या विम्यात पगारी माणूस बसतो, मालक बसत नाही, भागीदारही बसत नाही. 'तुमच्यात मालक कोण?' असं त्यानं विचारलं आणि आपण दोघं हसलो. आयटीआयपासून एका डब्यात जेवलेली माणसं, कोण कोणाचा मालक? मग दोघांनी आपापला अपघात विमा काढा, म्हणाला. आपण म्हटलं, उन्हाळ्याचा सीझन होऊ दे. त्याच सीझनमध्ये हे झालं.

गेल्या आठवड्यात तू कोमलला घेऊन कळमनुरीला वकिलाकडे गेलास. तिथं काय झालं ते तिनं आल्यावर सांगितलं. वकील म्हणाला, "जखमी माणूस मजूर असेल तर मालकानं विमा काढलेला नसला तरी भरपाई मालकालाच द्यावी लागते. मग मालक कोण?" आणि तू म्हणालास, "मी. विजू माझ्याकडं रोजानं होता."

ती हे सांगताना रडत होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर उजेड होता. भीमा, मलाही आशा लागली होती. प्रतिक्षाचं कॉलेज डोळ्यांपुढे आलं, मायचं म्हातारपण आलं. मग तुझं घर आलं. अजून गिलावाही न झालेलं. भरपाईचा हुकूम झाला की ते घर जाईल, तुझा हळदीचा तुकडा जाईल. लक्ष्मीवहिनीला सांगितलंस का तू? नसशीलच. काल मी कोमलला म्हटलं, हे होऊ द्यायचं नाही. ती म्हणाली, "ते मनानं देऊन राहिले, तर तुमी काहून आडवे येता? माझ्या लेकराचं काय?" मग भिंतीकडे तोंड करून बसली, जेवलीसुद्धा नाही. तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. माझ्याकडे तिला द्यायला दुसरं काहीच नाही.

म्हणून हे पत्र. सोमवारी वकिलाकडे सही करायला जाऊ नकोस. गेलास तर मी खाटेसकट कोर्टात येईन आणि साहेबांसमोर सांगेन, की हा माणूस खोटं बोलतोय, आम्ही जे कमावलं ते बराबर वाटून घेतलं. आमचं पुढं कसं व्हायचं ते मला ठाऊक नाही. रात्रंदिवस विचार करतो, काही सुचत नाही. पण सोमवारी तिकडं न जाता इकडं ये. तू सही करणार नाहीस, हे कोमलला सांगावं लागेल. ती चिडेल, तुलाही नाही नाही ते बोलेल. ऐकून घे. तिला हे एकट्यानं सांगायची माझ्यात हिंमत नाही.

तुझाच,
विजयकुमार