महादूची विहीर

मालवण,
९ जुलै २०२५

प्रिय रिचर्ड,

देव बरें करूं. तुम्ही तिघंही बरी असाल. ॲश्लिनचा निकाल कळला, तिला माझ्याकडून दोन मुके दे. इथे पाऊस आहे, मासे महाग आहेत, वीज रोज जाते, म्हणजे सगळं नेहमीसारखं. अक्षर बघून हसू नको, डाव्या हाताने लिहितेय. सॅविओ सुट्टी संपवून परवा तुझ्याकडे मस्कतला परततोय, त्याच्या बॅगेतून हे पत्र पाठवते, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

ऑफिस चालू आहे. चालू म्हणजे काय, तन्वी एकटी कॉम्प्युटरवर रेघा मारते आणि मी बाजूला खुर्ची टाकून तिच्यावर ओरडते. गेल्या आठवड्यात कसालचा एक जण आला. मोबाइलवर कुठल्यातरी राजवाड्याचा फोटो. म्हणे, "पुढचो भाग असोच करा, मागचो माझो मुकादम बघतलो." मी म्हटलं, मग पुढचोय तोच बघांदे, माझा हय काय काम? तो उठून गेला. तन्वी दिवसभर तोंड फुगवून बसली.

इतकी वर्षं हे दुकान चालवून मला काय कळलं सांगू? लोकांना आर्किटेक्ट नको असतो, शिक्का हवा असतो. नकाशा परवानगीपुरता. ती मिळाली की नकाशा माळ्यावर, आणि जिना कुठे, संडास कुठे, हे साइटवर ज्याचा आवाज मोठा तो ठरवणार. परक्यांशी मी यावरून कचाकचा भांडले. आंबोलीच्या एका हॉटेलवाल्याचं काम तर अर्ध्यात टाकून आले.

तुझ्या होमस्टेवर मात्र भांडले नाही. भावाचं घर, आणि काम बघायला बाबुश, आपल्या सख्ख्या मावशीचा मुलगा. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर मी पडवीत बसून, सोलकढी पिता पिता सही केली. घराच्या मागे गेलेच नाही.

आता तुझ्या रोजच्या फोनबद्दल. तू म्हणतोस, होमस्टेशेजारच्या महादूच्या कोयत्याने हात कापला, एवढंच पोलिसांना सांग आणि मोकळी हो. बाबुशने तक्रार दिलेलीच आहे, मी जबाब दिला की महादू आत सडतो, असं तुझं म्हणणं. कोयता महादूचा होता, ते खरंच आहे. पण तू इथे नव्हतास, आणि मी होते. तेव्हा एकदा नीट ऐक.

सांजांवच्या सणाला पोरं दरवर्षीसारखी डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून, मातीचं घुमट वाजवत महादूच्या विहिरीवर उड्या मारायला गेली. मी छत्री घेऊन बघायला उभी. तूसुद्धा त्याच विहिरीत उड्या मारून मोठा झालास. महादूची आई काठावर फणसाचे गरे घेऊन उभी असायची, आठवतं ना? या वेळी महादू दारातच बसून होता. त्याची बायको तुळसा काविळीने इस्पितळात, सलाईनवर, आणि कावीळ कशाने झाली ते कुणालाच कळत नव्हतं. तरी तो पोरांना म्हणाला, "जावा रे, सण आसा तुमचो."

पहिले दोघं वर आले ते ओकतच. पाण्यावर तवंग होता. आणि वास. रिचर्ड, तो तुझ्या एसी खोल्यांच्या संडासांचा वास होता.

मी तशीच तुझ्या कुंपणात शिरले. संडासांचा शोषखड्डा मी नकाशात पार मागे, माडांच्या पलीकडे दाखवला होता. तिथे काही नव्हतंच. भर पावसात पहारीने फरशा उचकटत गेले. खड्डा सापडला तो कुंपणाला चिकटून, विहिरीच्या अंगाला. आपली जांभ्याची जमीन म्हणजे चाळण. वरून पाऊस, खाली भरलेला खड्डा, आणि सगळं सरळ तुळसाच्या कळशीत. मान वळवली तर महादू मागे उभा. त्याने बघितलं आणि तो घरात गेला.

कोयता घेऊन बाहेर आला. पहिला वार त्याचाच, हे मी लपवणार नाही. "माज्या बायलेक गू पाजलात रे तुमी," असं म्हणत त्याने, फरशांचा आवाज ऐकून धावत आलेल्या बाबुशच्या खांद्यावर घातला. मांस उघडं पडलं. बाबुश किंचाळला, "माका कित्याक मारतस? रिचर्डान सांगल्यान म्हणान केलंय. पाठीमागे खडक लागलो, सीझन चुकात म्हणान तोच म्हणालो, हयच खण."

मग पोरांनी महादूला खाली घेतलं. डोक्यावर फुलं तशीच, आणि लाथा बरगड्यांवर. एकाने घुमट त्याच्या डोक्यावर फोडलं. एकाने त्याचं तोंड चिखलात दाबून धरलं. मी ओरडत होते, माझं कोण ऐकतो. कोयता त्याच्या हातून कधीच सुटला होता. तो बाबुशने उचलला. महादू पालथा, उठायची ताकद नाही, आणि बाबुशने कोयता वर नेला तो सरळ मानेवर आणला. मी हात मध्ये घातला.

हात कापला तो बाबुशने.

नुसते टाके पडलेत म्हणून तुला सांगितलं, तेही खोटं. पेन्सिल धरायची दोन्ही बोटं गेली. पोरांनी ती चिखलातून शोधून आणली, गोव्याच्या डॉक्टरांनी जोडायची खटपट केली, पण उशीर झाला होता. मी तिथे गुंगीत पडले होते, तेव्हा तक्रारीत महादूचं नाव घालायला बाबुशला तू सांगितलंस. हे बाबुशच माझ्या खाटेशी बसून रडत सांगून गेला. म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं, आणि तरी रोज फोन करून "बाय, कशी आसस" म्हणून विचारत होतास. तू समोर असतास तर डाव्या हाताने कानाखाली वाजवली असती.

तुळसा परवा ऑफिसात आली. अजून पिवळी, गालफडं बसलेली. मला वाटलं रडेल, पाया पडेल. ती म्हणाली, "माका काय नको गो. काय झाला ता सांग, बस." मी तिला पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. चहा घेतला आणि गेली.

आज सकाळी पोलिसांकडे जाऊन आले. महादूचा वार सांगितला, बाबुशचा सांगितला. खड्डा कोणाच्या सांगण्यावरून हलला आणि न बघता दाखल्यावर सही कोणी केली, तेही सांगितलं. आता आर्किटेक्ट म्हणून माझी नोंदणी राहील असं वाटत नाही. तन्वीला म्हटलं, दुसरीकडे नोकरी बघ. ती म्हणाली, "मॅडम, नकाशो तर बरोबर होतो मां." मला तिच्यासमोर रडू आलं.

तू म्हणतोस, बाबुश आपलं रक्त. तिथे चिखलात सांडलं ते कोणाचं होतं रे?

दुपारी पोलिस बाबुशला घेऊन गेले. मावशी दारात येऊन मला तोंडाला येईल ते बोलली, मी ऐकून घेतलं. तुझ्या खोल्यांना कुलूप घातलंय, खड्डा उपसायला माणसं लावलीत. तू ये. आधी महादूच्या दारात जा. मग त्याची विहीर उपसायला स्वतः आत उतर. तोपर्यंत चावी माझ्याकडे.

जबाबाखाली सही करताना डाव्या हाताची सही जुनीशी जुळेना. साहेब म्हणाले, अंगठा चालेल. उजव्याचा अंगठा शिल्लक आहे, तो शाईत बुडवून टेकवला. ऑफिसच्या शिक्क्याची शाई समोरच आहे, म्हणून इथेही तोच.

तुझी थोरली बहीण,
जॅनेट
निशाणी अंगठा