मेंढ्यांनी खणलेला बंकर

३ नोव्हेंबर
लागले कामाला! समुद्रकाठच्या गोल्फच्या मैदानावर. इथलं गवत, वाळू सगळं म्हातारा मर्डो बघतो. त्याने सातव्या होलचा बंकर दाखवला — वाळूचा खोल खड्डा, एका बाजूची भिंत ढासळलेली. गवताचे मातीसकट तुकडे कापायचे नि विटांसारखे रचायचे. "भिंत टिकली तर हिवाळाभर ठेवतो. पडली तर इन्व्हर्नेस शहराची परतीची बस पकड."

उन्हाळ्यापासून तीन गावं सोडली मी. इथून मात्र जावंसं वाटत नाहीय. का, कोण जाणे!

५ नोव्हेंबर
मर्डोला विचारलं, असा भलत्या जागी खड्डा खणला कुणी? "मेंढ्यांनी. वारा चुकवायला दडून बसायच्या. आपण नंतर शेजारी होलचा झेंडा रोवला." मैदानच सगळं तसलं! आखलेलं काहीच नाही. सरळ मारलेला चेंडू उंचवट्यावरून घरंगळत खड्ड्यात. आज गावचे डॉक्टर खड्ड्यातला चेंडू काढताना चारदा नुसती वाळू उडवून आमच्यावरच खेकसले. मर्डो म्हणाला, "तक्रार मेंढ्यांकडे करा, डॉक्टर."

मग समुद्रातल्या खडकावर लोळणारा सील प्राणी दिसला. तो बघण्यात तास गेला.

९ नोव्हेंबर
पाऊस. बोटं सुजली. सहा थर झाले!

१२ नोव्हेंबर
पडली!! चूक माझीच. शेताकडचं हिरवंगार गवत कापलं — काय देखणं होतं! मर्डोने एक तुकडा बोटांनी कुस्करला. "लाडावलेलं आहे. नुसतं पाणी पितं नि बसतं. वाळूच्या टेकडीवरचं तपकिरी आण. उपाशी वाढलंय, मुळं सोडत नाही."

कपड्यांची पिशवी उचलायला निघाले तर ओरडला, "कुठे? बस केव्हाच गेली. फावडं घे!"

देवाशप्पथ, रडूच आलं.

२० नोव्हेंबर
तपकिरी गवत. प्रत्येक थर खालच्यापेक्षा बोटभर मागे. मर्डो डोळे मिटून हात फिरवतो — "तिसरा, डावीकडे, फुगलाय." आणि असतोच! आपल्यातली अर्धी ओटची बिस्किटं मला देतो.

२३ नोव्हेंबर
रात्रभर वादळ. भिंत उभी!! डॉक्टरांचा चेंडू तिच्यावर आपटून मर्डोच्या बुटाशी पडला. "कुठे गेला गं?" त्याने विचारलं. मी हसले. तो नाही हसला.

२४ नोव्हेंबर
मर्डोला दिसत नाही. दोन वर्षं झाली — उजेड-अंधार तेवढा कळतो. क्लबात आज स्वतःच सांगून आला, नि फावडं माझ्या हातात दिलं. "हिवाळ्याचं बोललो होतो ते विसर. भिंत पाच वर्षं टिकते, पोरी. पुढची तूच बांधायचीस."

पिशवी रिकामी केली.